प्रतिसाद: .३१५ ची .३०-०६ करणे

वर सिन्नरच्या भाऊंनी विचारलंय की आजोबांची इशापूरच्या कारखान्यातली .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) बोल्ट अॅक्शन रायफल नुसती नळी बदलून .३०-०६ ची काडतुसं चालतील अशी करता येईल का. माझं मत, नादी लागू नका.

नळी हा सोपा भाग. .३१५ ची केस (काडतुसाचं पितळी कवच) ५० मिमीची, बुडाला बाहेर आलेली कड असलेली; .३०-०६ ची ६३ मिमी आणि बिनकडेची. म्हणजे बोल्टचं (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याचं) तोंड, एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस ओढून काढणारा आकडा), मॅगझिन सगळंच बदललं पाहिजे. वर हेडस्पेस, म्हणजे काडतूस बसल्यावर त्याच्या बुडाशी बोल्टपर्यंत राहणारी जागा, नव्याने बसवायची. आणि खरी अडचण पुढेच आहे: ही अॅक्शन ली-एनफिल्ड घराण्यातली, तिचे लॉकिंग लग (गोळी सुटताना बोल्ट जागी धरून ठेवणारे खटके) बोल्टच्या मागच्या बाजूला, म्हणून जास्त दाबाला कमी पक्के. .३०-०६ चा दाब त्यांच्यावर टाकणं म्हणजे स्वतःच्या तोंडाशी खेळ.

कायद्याचंही बघा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे रूपांतर करायला कारागिराकडे तसा परवाना लागतो, आणि तुमच्या परवान्यावर बोअर लिहिलेलं असतं. आधी नाशिकच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा, मग कारागीर शोधा.

.३०-०६ च हवी असेल तर त्याच बोअरची तयार रायफल घ्या. आजोबांची मात्र आहे तशीच ठेवा, तेल-पाणी करत राहा.