सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी ठोका चुकतोच. यासोबत राहायचं कसं?

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी इचलकरंजीचा, वय ४४. यंत्रमागाच्या कारखान्यात दिवाणजी आहे. सुताची आवक, कापडाची जावक, कामगारांचा पगार, सगळी लिखापढी माझ्याकडे. लहानपण मागांच्या खडखडाटातच गेलं, घराला लागूनच शेड होती. अशा घरात वाढलेल्या माणसाला आवाजाचा त्रास होत नाही. त्याला धोट्याची लय इतकी सवयीची होते की एखादा माग मध्येच थांबला तर गाढ झोपेतून जाग येते.

गेल्या दिवाळीपासून हेच छातीत चालू झालंय.

बोनसवाटप झालं त्याच रात्री. डाव्या कुशीवर पडलो होतो. ठोका, ठोका, आणि मग काहीच नाही. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. मग एकदम धप्प. उठून बसलो, पाणी प्यालो. पाच मिनिटांनी परत. त्या रात्री झोप लागली नाही आणि खरं सांगायचं तर त्यानंतर नीट अशी लागलेलीच नाही.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल. तरी माझं समाधान होईना म्हणून मिरजेला गेलो. तिथे टूडी इको, टीएमटी (पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती), थायरॉईड, हिमोग्लोबिन, पोटॅशियम सगळं झालं. पंपिंग ६० टक्के, टीएमटी निगेटिव्ह (निगेटिव्ह म्हणजे चांगलं, हे कळेपर्यंत माझा जीव गेला होता). शेवटी होल्टर लावलं, म्हणजे दिवसभर अंगावर बाळगायचं ठोके नोंदवणारं यंत्र.

होल्टरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझी खरी अडचण तिथेच आहे. छातीला पट्ट्या, कमरेला डबी, २४ तास आंघोळ नाही. सोबत एक कागद देतात: किती वाजता काय करत होतात आणि काय जाणवलं. मी पडलो दिवाणजी. घड्याळ लावून नोंदी केल्या. "११.०५, सुताची गाडी उतरवून घेतली, धप्प." "३.४०, पगारपत्रक, दोनदा चुकला." "९.५०, जेवून बसलो, फडफड." एकूण १४ नोंदी.

रिपोर्ट आला. २४ तासांत ९८,४१२ ठोके, त्यात जादा १,१३०. व्हीपीसी म्हणतात त्यांना. डॉक्टरांनी माझा कागद मशीनच्या ईसीजी पट्टीशी लावून बघितला, तर १४ पैकी ६ जुळल्या. बाकी ८ वेळा मी धप्प लिहिलंय तेव्हा पट्टीवर नेहमीचेच ठोके, वेगळं काहीच नाही. आणि सगळ्यात जास्त जादा ठोके कधी? रात्री २ ते ४. तेव्हा मी घोरत होतो. बायको साक्षीला आहे.

डॉक्टर म्हणाले, "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका." एक गोळी लिहून दिली, फारच त्रास झाला तर घ्या म्हणाले. भेट संपली चार मिनिटांत. गोळी अजून कपाटात आहे.

आता बघा, मी २१ वर्षं रोकड जुळल्याशिवाय कारखान्यातून उठलेलो नाही. इथे माझी वही आणि मशीनची वही जुळत नाही. असतं तेव्हा मला कळत नाही आणि नसतं तेव्हा कळतं. मग उद्या खरंच काही झालं तर मी कशावर विश्वास ठेवायचा?

घाबरण्याचं कारणही आहे. वडील ५२ व्या वर्षी गेले. छाती भरून आली तेव्हा सगळे म्हणाले गॅस आहे. सोडा पाजला. रिक्षा येईपर्यंत खेळ संपला होता. त्यामुळे कुणी मला "काही नाही" म्हणालं की मला तो सोड्याचा ग्लास दिसतो.

आता हाल असे आहेत की दिवसातून पन्नासदा बोटं मनगटावर जातात. जास्त बोलवेना म्हणून तालमीतल्या मित्रांकडे जाणं सोडलं. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर उशाशी असतो. परवा रात्री त्यात पल्स ४२ दिसली, मी बायकोला उठवून गाडी काढायला लावली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ७८. तिथल्या नर्सबाई हसल्या नाहीत, एवढं मात्र खरं.

विचारायचं एवढंच:
हे ४२ काय होतं? ज्यांना हे आहे ते रात्री काय करतात? आणि मनगटावरचा हात काढायचा कसा?

– दिवाणजी


ताकपिठलं
घाई आहे म्हणून पूर्ण वाचलं नाही, पण हा शंभर टक्के गॅस. माझ्या मेव्हण्याला सेम. रात्रीचं जेवण ७ ला आणि ओव्याचा अर्क. आठवड्यात फरक.


मधली_आळी
ताकपिठलं, पूर्ण वाचलं असतंत तर गॅस हा शब्द निदान या धाग्यावर लिहिला नसतात.

दिवाणजी, मी ठाण्याची, वय ३९. तुमचं मनगट वाचून माझंच आठवलं. माझी बोटं मनगटावर नाही, मानेवर जायची. ऑफिसात मीटिंगमध्ये गळ्यातलं मंगळसूत्र नीट केल्यासारखं करून नाडी बघायचे. दोन वर्षं. दोन इको, तीन होल्टर, तीन वेगळे कार्डिऑलॉजिस्ट. प्रत्येक रिपोर्टनंतर चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी वाटायचं की तेव्हा नव्हतं, आता झालं असेल.

शेवटी एका कार्डिऑलॉजिस्टबाईंनीच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. आधी राग आला, म्हणजे मी वेडी का. गेले. त्यांनी दोन गोष्टी करायला लावल्या. एक, नाडी बघायच्या वेळा ठरवायच्या. सकाळी ९, रात्री ९. मध्ये वाटलं तर वहीत फक्त रेघ मारायची, हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी ६३ रेघा झाल्या. दुसरी गोष्ट भयंकर होती. मुद्दाम तीन मजले चढायचे, छाती धडधडू द्यायची आणि काहीही न तपासता जिन्यात बसून राहायचं, धडधड आपोआप उतरेपर्यंत. पहिल्यांदा मी दुसऱ्याच मजल्यावर बसकण मारली. तिथल्या आजींनी दार उघडून विचारलं, "लिफ्ट बंद पडलीये का गं?" काय सांगणार. हो म्हटलं.

जादा ठोके अजूनही येतात. आज सकाळी भाजी निवडताना आला होता. रेघांची वही मात्र कधी बंद झाली ते आठवत नाही. गोळ्याही घेतल्या आठेक महिने, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लगेच कुणाकडे जाणं जमणार नसेल तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.


जुना_स्टेथो
मी निवृत्त फिजिशियन. इथे बसून कुणाचं निदान करत नाही, पण तुम्ही दिलेले आकडे बोलके आहेत म्हणून लिहितो.

आधी ते ४२. ऑक्सिमीटर हृदय मोजत नाही, बोटापर्यंत आलेली लाट मोजतो. जादा ठोका वेळेआधी पडतो, तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे त्याची लाट दुबळी. ती बोटापर्यंत पोहोचतच नाही. कधी कधी काही मिनिटं दर दुसरा ठोका असा जादा पडतो. मग ८४ ठोके पडत असताना यंत्र ४२ दाखवतं. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं. मनगटावर बोटं ठेवून मोजलं तरी हीच फसगत होते. नक्की सांगेल तो ईसीजी.

ती न सापडणारी पायरीही हीच. जादा ठोक्यानंतर हृदय थोडं जास्त थांबतं, त्या वेळात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणकून बसतो. तुम्हाला जाणवतो तो धप्प बहुतेकदा हा पुढचा, नेहमीच्या वाटेनं आलेला ठोका असतो. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं, खोलीत शांतता असते, म्हणून रात्री जास्त कळतं. तुमचे १,१३० म्हणजे एक टक्क्याच्या जरा वर. साधारण दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की आम्ही हृदयाच्या स्नायूवर डोळा ठेवतो. इको चांगला असताना एवढ्या जादा ठोक्यांनी सहसा कुणी घाबरत नाही. हे तुमच्या डॉक्टरांनी आणखी चार मिनिटं देऊन सांगायला हवं होतं.

आठ नोंदी जुळल्या नाहीत याचं मला नवल वाटत नाही. मन लावून ऐकत बसलं की साधा ठोकाही धप्प वाटतो. १८७१ मध्ये दा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने त्यांच्या यादवी युद्धातल्या सैनिकांवर लेख लिहिला. धडधड, छातीत दुखणं, धाप, आणि हृदयात तपासून काही सापडत नाही. त्याने नाव दिलं चिडखोर हृदय. म्हणजे तुम्ही जुन्या पंगतीत बसलाय.

पण पुढील गोष्टी झाल्या तर धागे वाचत बसू नका, थेट दवाखाना: शुद्ध हरपणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, चालताना-चढताना धडधड सुरू होणं, सोबत छातीवर दाब, घाम, धाप.

वडिलांचं वेगळं सांगतो. जादा ठोका ही वायरिंगची भानगड, हार्ट अटॅक ही नळ तुंबण्याची. वडिलांना ५५ च्या आत झालं, त्याअर्थी तुम्ही सावध राहायलाच हवं, पण ती सावधगिरी मनगटावर नसते. कोलेस्टेरॉल, साखर, बीपी केलंत का? तुमच्या यादीत दिसलं नाही. आणि त्या होल्टरच्या कागदावर चहा, तंबाखू, सर्दीची गोळी असं काही लिहिलं होतंत का?


उंबरठा
सगळं पटलं, पण दुसरी बाजूही असू दे. मला तीन वर्षं "टेन्शन आहे, लग्न झालं की जाईल" असं सांगत होते. लग्न झालं, गेलं नाही. माझं वेगळं होतं. ठोका चुकायचा नाही, बटण दाबल्यासारखं एकदम १८० व्हायचं आणि एकदम बंद. होल्टर लावलं त्या दिवशी नेमकं काही झालं नाही. शेवटी एकदा चालू असतानाच स्कूटरवर मागे बसून ईसीजी काढायला गेले तेव्हा सापडलं, एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वायरिंगमधल्या बिघाडाने ठोके एकदम पळत सुटतात ते. नंतर ॲब्लेशन केलं, म्हणजे नळी घालून ती बिघडलेली जागा जाळून टाकली. तेव्हा दिवाणजी, तुमच्या धडधडीचा प्रकार कधी बदलला तर परत दाखवा, "तेव्हा नॉर्मल होतं" म्हणून गप्प बसू नका.


दिवाणजी
सगळ्यांचे आभार. ४२ चा उलगडा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग मला रात्री दोनला उगाच उठवलंत." ऑक्सिमीटर तिने धान्याच्या डब्यात ठेवलाय, कुठल्या ते सांगत नाही.

मधली_आळी ताई, काल रेघा सुरू केल्या. ४७. उंबरठा ताई, माझं बटणासारखं नाही, पण लक्षात ठेवतो.

स्टेथोकाका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून फोन खाली ठेवला होता. दोन दिवसांनी लिहितोय. चहा लिहिला होता. मावा लिहिला नव्हता. इकडे मावा म्हणजे काय ते सांगायला नको, ओली सुपारी, तंबाखू, चुना घोटून. दिवसाला चार पुड्या. मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, व्यसन? मी म्हटलं, नाही. शेजारी बायको बसली होती, तिच्या हिशेबात एकच पुडी आहे, तीही सणासुदीला.

काल तो होल्टरचा कागद परत काढला. गाडी उतरली की एक पुडी, पगारपत्रकाला बसताना एक, जेवणानंतर एक. वेळा मला पाठ आहेत, कुठे लिहायची गरजच नव्हती. पेन्सिलीने समासात भरल्या. मग १४ नोंदींवरून बोट फिरवत खाली आलो.

कोलेस्टेरॉल आणि साखर सोमवारी उपाशीपोटी देतोय. कागद मिरजेला परत घेऊन जायचाय, समासासकट. बायको सोबत येणार म्हणतेय. तिला त्याआधी सांगावं लागेल, ते कसं ते तुम्हाला विचारत नाही, माझं मी बघतो.

एक शंका मात्र आहे. मावा एकदम बंद केला की पहिले काही दिवस धडधड वाढते असं कारखान्यातला जॉबर (माग दुरुस्त करणारा) सांगतोय. त्याने तीनदा सोडलाय. खरं आहे का? आणि असेल तर किती दिवस?