जीएनएमचं (नर्सिंग डिप्लोमाचं) शेवटचं वर्ष, पण प्रॅक्टिकलचा हातच बसला नाही. काय करावं?

नमस्कार. प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे. ती परभणी जिल्ह्यात एका खासगी कॉलेजात जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थिअरीत हुशार. पण कॉलेजच्या दवाखान्यात पेशंटच नसतात. कागदावर शंभर खाटा. इन्स्पेक्शनच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून माणसं आणून झोपवतात आणि पोरींनी त्यांचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट भरायचे. सगळ्यांचा ताप ९८.६!

सरकारी दवाखान्यात पोस्टिंग लागते, पण तिथं दोन-तीन कॉलेजांच्या मुली एकाच वॉर्डात. सिस्टर आयव्ही (शिरेतून सलाईन) लावतात ते पुढच्या दोघींना दिसतं, बाकीच्या पाठी बघत उभ्या. मग दिवसभर बीपी, बेड मेकिंग नाहीतर लॅबला सॅम्पल पोचवणं. केसबुक (केलेल्या केसेसची नोंदवही) मैत्रिणीच्या वहीतून उतरवलं की ट्यूटर सही करून मोकळ्या.

नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, क्लिनिकलची १०० टक्के भरावी लागते. ती भरतेच हो, रजिस्टरात.

आता इंटर्नशिप आहे. तिला जास्त भीती लेबर रूमची. घाटी (संभाजीनगरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा अंबाजोगाईच्या सरकारी हॉस्पिटलला जादा ड्युटी मागता येते का? ओळखीचे एक डॉक्टर त्यांच्या मॅटर्निटी होमला बिनपगारी ये म्हणतात, पाठवू का?

उत्तर १
दादा, मी स्टाफ नर्स आहे. परस्पर अर्ज कुणी घेत नाही. प्राचार्यांचं पत्र मेट्रन (मुख्य परिचारिका) ऑफिसला द्यावं लागतं. रात्रपाळी मागा, रात्री विद्यार्थिनींची गर्दी नसते. तिला सांगा, लेबर रूममध्ये गेल्या गेल्या डिलिव्हरी हातात मिळणार नाही. आधी पोट तपासणं, दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके मोजून पार्टोग्राफवर (कळांपासून बाळंतपण कसं पुढं सरकतंय त्याचा तक्ता) मांडणं. चार्ट नीट भरणारी पोरगी इन्चार्ज सिस्टर स्वतःहून पुढं घेतात. मॅटर्निटी होमला नको. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होईपर्यंत ती विद्यार्थिनी आहे. तिथं रात्री एकटीवर पेशंट सोडतात आणि काही झालं तर तिच्याच अंगाशी येईल.

धागाकर्ता
धन्यवाद ताई. सोमवारी प्राचार्यांना भेटतो. एकटीसाठीच पत्र मागू, की तिच्या बॅचच्या चार-पाच जणींचं मिळून? एकटीचं मागितलं तर कॉलेजवाले इंटर्नल मार्कांत डूख धरतील असं तिला वाटतंय.