मदत हवी आहे : नांदूर मध्यमेश्वरला आईसह पक्षीनिरीक्षण

सप्रेम नमस्कार. येत्या जानेवारीत आईला घेऊन निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात जाण्याचा विचार आहे. गोदावरी-कादवा संगमावरील बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेली ही पाणथळ जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्यता मिळालेली पाणथळ जागा) आहे, हे आपण जाणताच. गेल्या वर्षी आम्ही अकरा वाजता पोहोचलो (चूक आमचीच), तेव्हा चक्रवाकांची एक जोडी आणि पाणवनस्पतींवर लांब बोटे टाकत चालणारी जांभळी पाणकोंबडी एवढेच नीट दिसले. बाकी थवे म्हणजे उन्हात नुसते काळे ठिपके. आईच्या गुडघ्यांना पक्षीनिरीक्षण मनोऱ्याचा जिना झेपणार नाही. तेव्हा सकाळी सूर्य पाठीशी ठेवून, काठावर बसूनच तलवार बदके पाहता येतील अशी जागा खाणगाव थडीकडे आहे की चापडगावकडे, आणि दुर्बीण तेथे भाड्याने मिळते का, हे कृपया कळवावे.