शेवटच्या वर्षाचं इंग्लिश स्पीकिंग आणि इंटरव्ह्यू ट्रेनिंग: तुमचे अनुभव सांगा (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी)

बेळगावात डिग्री कॉलेजला शिकवते. सहाव्या सेमिस्टरला पोरांना कम्युनिकेशनचं ट्रेनिंग असतं, बाहेरून ट्रेनर येतात, हॉल भरतो, सर्टिफिकेट मिळतं आणि पुढच्या आठवड्यात तीच मुलगी माझ्यासमोर उभी राहून एक वाक्य पुरं बोलत नाही. अकाउंट्सला वर्गात पहिली येणारी मुलगी! यात पोरांचा काही दोष नाही असं माझं स्पष्ट मत आहे. घरात मराठी, बसमध्ये नि ऑफिसात कन्नड, इंग्लिश फक्त पेपर लिहिण्यापुरतं, तर तोंडात बसणार कधी? म्हणून विचारते, तुम्हाला खरंच कशाचा उपयोग झाला? कोर्सचं नाव नको, काय केलंत ते सांगा.

खानापूर, बी.कॉम.
दहावीपर्यंत मराठी मीडियम, कॉलेजला आल्यावर सगळं इंग्लिश, म्हणजे पाठ करून पास व्हायचं. ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी ‘ग्लोबल वॉर्मिंग’वर बोला म्हणाले, त्यावर मराठीत तरी कुठं दोन मिनिटं बोलता आलं असतं. नंतर आमच्या एका मॅडमनी घरात काय काम चालतं ते सांगा म्हणून एकेकाला उभं केलं. आमची विटांची भट्टी. मग सुरू झालो, माती भिजवतात, साच्यात घालतात, उन्हात वाळवतात, मधीच पाऊस आला तर कच्चा माल सगळा जातो, कोळसा किती लागतो... शब्द अडला की मॅडम म्हणायच्या हातानं दाखव पण थांबू नको. मागनं एकजण विचारला मजुरी कशी देता, दिवसावर की हजार विटांवर, आणि मी सरळ उत्तर दिलो, इंग्लिशमध्येच. इंटरव्ह्यूला पण भट्टीचाच हिशेब सांगितलो, खर्च काय, उधारी कशी वसूल होते. समोरचे सर पेन खाली ठेवून ऐकत होते. आता बेळगावातच अकाउंट्सला आहे.

उद्यमबाग (बेळगावचा कारखान्यांचा भाग), मेकॅनिकल डिप्लोमा
फौंड्रीत क्वालिटीला आहे. शॉप फ्लोअरवर मराठी, कन्नड, हिंदी सगळं चालतं बघा, इंग्लिश लागतं ते मेलला आणि कस्टमर ऑडिटला. कास्टिंगमध्ये ब्लो होल (ओतलेल्या भागात गॅसमुळं पडलेलं भोक) आलं तर किती पीस रिजेक्ट, कुठल्या हीटचे (एका वेळी वितळवलेल्या धातूचे), कारण काय, आता काय करणार, हे चार ओळीत लिहिता आलं पाहिजे. हे ट्रेनिंगमध्ये कुणीच शिकवलं नाही, सगळा वेळ शेकहँड कसा करायचा नि टाय कसा बांधायचा. मी सिनियरचे जुने मेल वाचून शिकलो. कॉलेजवाल्यांनी खरे रिपोर्ट लिहायला द्यावेत, एवढंच म्हणणं.

निपाणी, बी.एस्सी.
कंपन्यांच्या भरतीच्या ऑनलाइन टेस्टमध्ये बोलायचा भाग असतो हे आम्हाला आधी माहीतच नव्हतं. हेडफोनमधनं वाक्य ऐकायचं, जसंच्या तसं म्हणायचं, मग दिलेल्या विषयावर थोडा वेळ बोलायचं, आणि मार्क कॉम्प्युटर देतो. समोर माणूस नसल्यामुळं आणखीच घाई होते आणि शब्द एकमेकांत अडकतात. मी मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून रोज ऐकायची, घरात जागा नाही म्हणून गच्चीवर जाऊन. फरक पडला. इन्फोसिस कंपनीची स्प्रिंगबोर्ड ही ऑनलाइन शिकायची साइट फुकट आहे, एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) सॉफ्ट स्किल्सचे कोर्सही शिकायला फुकट, सर्टिफिकेटच्या परीक्षेला तेवढी फी. त्याआधी एका क्लासला ‘१०० टक्के प्लेसमेंट’ म्हणून पैसे भरले होते, तिथं पूर्ण महिना टेन्सच चालले. पैसे भरायच्या आधी एक लेक्चर बसून बघा, सर किती बोलतात आणि पोरं किती बोलतात ते.

मूळ चिकोडी, सध्या पुणे
भरतीचंच काम करते. फ्रेशरचं ग्रामर चुकलं म्हणून मी कुणाला बाहेर काढत नाही. पण ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला आई-वडिलांचं नाव, गाव, आवडीनिवडी असं पाठ केलेलं सुरू झालं की पुढं विचारायला काही उरत नाही. शिक्षण एका वाक्यात, मग एखादं काम जे तुम्ही स्वतः केलंय, मग ही नोकरी का, दीड मिनिटात संपवा. रेझ्युमे एक पान. आणि ग्रुप डिस्कशनला आधी बोलणाऱ्याला जास्त मार्क असं काही नसतं, दुसऱ्याचा मुद्दा धरून पुढं नेणारा लगेच नजरेत भरतो. सीमाभागातली पोरं तीन-चार भाषांत लोकांशी बोलू शकतात, रेझ्युमेत हे वर लिहा, शेवटच्या ओळीत लपवू नका.

रायबाग
डिग्री-डिप्लोमानंतर नोकरी न लागलेल्यांसाठी कर्नाटक सरकारची युवानिधी योजना आहे, तिचे महिन्याला ३००० येत होते (डिप्लोमाला १५००, जास्तीत जास्त २ वर्षं), त्यातनंच हेडफोन आणि नेटचा खर्च भागवलो. ज्यांना लागू होतं त्यांनी चौकशी करा.

बेळगाव, बी.ए. शेवटचं वर्ष
मॅडम, आमच्या घरात कुणालाच इंग्लिश येत नाही, सराव करायचा कुणाशी?

धागा सुरू करणारी
वर्गातल्या दोघी-तिघी मिळून करा, रोज जेवणाच्या सुट्टीत, एकीनं सांगायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, चूक मध्येच काढायची नाही. खानापूरचं वाचून मीही ठरवलंय, पाचव्या सेमिस्टरपासूनच प्रत्येकाला घरच्या कामावर बोलायला उभं करणार, हॉलमध्ये नाही, वर्गातच. तुझ्या घरी काय काम चालतं ते लिही, तिथूनच सुरू करू.