अनुभव धागा : जुना रेल्वे पूल पाडून नवा बांधताना रहिवाशांना कधी आणि काय विचारायचं?

मुंबईतले ब्रिटिशकालीन रेल्वे पूल एकामागून एक पाडले गेले किंवा बंद झाले: हँकॉक, कर्नाक, सायन, प्रभादेवी. रहिवाशांशी बोलणं सुरू होतं तेव्हा बऱ्याचदा निविदा निघालेली असते आणि बदलण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. आराखडा, मोजणी, केबल-पाइप, वस्ती बैठका यांत काम केलेल्यांनी इथे लिहावं. आठवणींपेक्षा पुढच्या वस्तीला उपयोगी पडेल असं नेमकं हवं.

पूल आराखडा (सदस्याचं उत्तर)

पहिला प्रश्न एकच: नवा पूल किती उंच होणार? रुळांवर आता २५ हजार व्होल्टच्या तारा आहेत, त्यामुळे नव्या पुलाखाली जास्त मोकळी उंची सोडावी लागते. पूल १ मीटर वर गेला आणि चढ १:३० (३० मीटर लांबीत १ मीटर) ठेवला, तर पोहोचरस्ता, म्हणजे पुलावर चढणारा रस्ता, दोन्ही बाजूंना ३० मीटर लांबतो. त्या ३० मीटरांत कुणाचं तरी दुकान, सोसायटीचं गेट, गल्लीचं तोंड येतंच.

अंधेरीचा गोखले पूल २०२४ च्या फेब्रुवारीत अर्धा खुला झाला, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला पुलाला जुळतच नव्हता. पुढे जॅक लावून बर्फीवाला पुलाची एक बाजू १,३९७ मिमी आणि दुसरी ६५० मिमी उचलावी लागली. उंचीचा हिशेब चुकला की काय होतं, ते सगळ्या शहराने पाहिलं. दुकानाच्या ओट्याला मात्र जॅक लावता येत नाही.

म्हणून रहिवाशांची बैठक जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग (पुलाची जागा, उंची, जिने दाखवणारा मुख्य आराखडा) मंजूर होण्याआधी घ्या. त्यावर रेल्वेची सही झाली की जिना दोन मीटर सरकवायलाही फाइल पुन्हा रेल्वेकडे जाते.

आणि लोकांसमोर नुसता नकाशा पसरू नका. दर १० मीटरवर बांबू रोवा, नव्या रस्त्याच्या पातळीला लाल दोरी बांधा, रस्त्याची कड फक्कीने आखा. दोरी शटरच्या अर्ध्यावर आलेली दिसली की दुकानदार पाच मिनिटांत नेमके प्रश्न विचारतो: पाणी कुठे जाणार, माल कुठून उतरवायचा. तास-दोन तासांच्या सादरीकरणातून हे प्रश्न येत नाहीत.

मोजणी

“खूप लोक जातात” या वाक्यावर आराखडा बदलत नाही, आकड्यावर बदलतो. पुलावरून पायी जाणारे मोजा: सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९, दर १५ मिनिटांची वेगळी नोंद. पुलाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन माणसं, एक येणारे मोजणार, एक जाणारे. एक कामाचा दिवस, एक शनिवार, आठवडी बाजार असेल तर तो दिवस वेगळा. हातगाडी, डोक्यावर ओझं, कडेवर मूल, काठी किंवा चाकाची खुर्ची यांचे रकाने स्वतंत्र ठेवा. नेहमीची चूक म्हणजे शाळेच्या सुट्टीत मोजणी करणं. आकडा कमी येतो आणि तोच कागद पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

पायी जायची सोय पूल पाडण्याआधी उभी राहायला हवी, हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला तेव्हा तशी सोय नव्हती. लोक जीव मुठीत धरून रूळ ओलांडत राहिले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

जिना, रॅम्प, फूटपाथ

रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नको. ६ मीटर चढायला ७२ मीटर रॅम्प लागतो, शिवाय टप्प्याटप्प्याने सपाट विसाव्याच्या जागा. तेवढी जागा बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून लिफ्टची मागणी येते. ती करताना दोन गोष्टी सोबत मागा: वीज गेल्यावर चालणारी पर्यायी सोय, आणि देखभालीचा खर्च कोण करणार याचं लेखी उत्तर. उत्तर नसेल तर ती लिफ्ट पहिल्या पावसाळ्यानंतर बंद पडलेलीच समजा.

पायरी १५ सेंमी उंच, ३० सेंमी रुंद. फूटपाथ १.८ मीटर म्हणजे अडथळा वगळून १.८. दिव्याचा खांब, केबलची पेटी, पुलाचा कठडा धरून नव्हे. टेप घेऊन जा.

केबल आणि पाइप

जुन्या पुलांच्या पोटाशी जलवाहिनी, विजेच्या केबल, दूरसंचारचे डक्ट (केबल नेणाऱ्या नळ्या) असं सगळं लटकलेलं असतं. त्यातलं बरंच कुठल्याच नकाशावर नसतं. ते शोधायला पोहोचरस्त्यावर आडवे चर हातानेच खणा, सव्वा ते दीड मीटर खोल. जेसीबी लावला की पहिली फुटते ती नोंद नसलेली पाण्याची लाइन. त्या लाइन कुठून गेल्या आहेत हे परिसरातल्या जुन्या प्लंबरला आणि चाळीच्या सेक्रेटरीला माहीत असतं. खणण्याच्या दिवशी त्यांना उभं करा, सांगतील तिथे रंगाने खूण करा.

पोहोचरस्त्याची भिंत पावसाच्या पाण्याला आडवी येते, हे फार वेळा सुटतं. रस्त्यावरून आधी पाणी कुठल्या बाजूला वाहायचं ते जुलैतल्या जोराच्या सरीत फोटो काढून ठेवा. भिंतीखालून मोरी हवी असेल तर ती आराखड्यातच यायला हवी.

धागाकर्ता

पाडकामाने शेजारच्या जुन्या इमारतींना तडे जातील, ही भीती सगळीकडे असते. त्याचं काय करायचं?

पूल आराखडा

काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक घराची पाहणी करून घ्या. प्रत्येक तड्याचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसह. मोठ्या तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने बसवतात. भिंत हलली की काच तडकते, वाद राहत नाही. पट्टी जुन्या रंगावर चिकटवू नका, रंगासकट सुटून येते. आधी प्लास्टरपर्यंत खरवडा. या पाहणीच्या पंचनाम्यावर कंत्राटदार, पालिकेचा अभियंता आणि घरमालक अशा तिघांच्या सह्या हव्यात, आणि एक प्रत घरात राहायला हवी.