एअर सस्पेन्शनची गाडी जॅकवर घेताना नेमकं काय बंद करायचं?

स्टेपनी_पुणे
सव्वादोन टनांची एसयूव्ही आहे, चारही कोपऱ्यांवर एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन कामं करायचीत. एक, पुढची-मागची चाकं अदलाबदल. दोन, डावी मागची बाजू रात्रभरात दोन बोटं खाली बसते, ती गळती शोधायची. ३ टनी ट्रॉली जॅक आणि २ स्टँड आहेत. इग्निशन बंद करून उचललं तर चालेल ना? की सेटिंगमध्ये काही बंद करावं लागतं?

नटबोल्ट_सांगली
नुसती इग्निशन बंद करून भागत नाही. प्रत्येक कोपऱ्यावरचा सेन्सर बॉडी आणि आर्म (चाक धरणारा दांडा) यांच्यातलं अंतर मोजत असतो. जॅक बॉडीला लावून उचललंत की चाक खाली लोंबतं, अंतर वाढतं. कंट्रोल युनिटला वाटतं हा कोपरा फार वर गेला, म्हणून ते तिथली हवा सोडतं. बऱ्याच गाड्यांत हे युनिट लॉक केल्यावरही काही वेळ जागं असतं. काम संपवून जॅक सोडलात की त्या कोपऱ्यात हवाच नसते. बॉडी नेहमीपेक्षा खूप खाली येते आणि जॅकचं मुंडकं सिलखाली (दारांखालची बॉडीची कड) अडकतं. त्याहून महाग पडतं ते फुग्याचं: रिकामं रबर पिस्टनवर (फुग्याखालचा ठोकळा) नीट गुंडाळलं जात नाही, घडी चिमटते आणि फाटते.

म्हणून आधी लेव्हलिंग, म्हणजे उंची आपोआप राखण्याचं काम, बंद करायचं. जागा कंपनीप्रमाणे वेगळी. व्होल्वो एक्ससी-९० च्या उभ्या पडद्यावर सेटिंग्ज, माय कार, मग पार्किंग ब्रेक आणि सस्पेन्शन या पानावर लेव्हलिंग बंद करायचा पर्याय मिळतो. ऑडी क्यू-७ ला कार मेनूत चाक बदलण्यासाठी वेगळा मोड आहे. जुन्या लिंकन टाउन कारला डिकीत चक्क एक स्विच असतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये ‘चाक बदलणे’ या पानावर सापडेल, सस्पेन्शनच्या पानावर शोधत बसू नका.

लेव्हलिंग बंद करण्याआधी गाडी नॉर्मल उंचीवर येऊ द्या. उचलण्याआधी बोल्ट अर्धा आटा सैल करा, गिअर पी वर. पार्किंग ब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की त्याच्यावर विसंबू नका. पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचर हवी. पेव्हर ब्लॉकवर स्टँडचे पाय रुततात, खाली १८ मिमी प्लायचा तुकडा ठेवा. जॅक फक्त सिलच्या ठरलेल्या जागी, रबरी पॅड लावून. ॲल्युमिनियमच्या आर्मला किंवा स्ट्रटला टेकवू नका.

चाकांच्या अदलाबदलीसाठी स्टेपनी तात्पुरती लावत गेलात तर एका वेळी एकच कोपरा उचलावा लागतो. शेवटी बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), आडवे-तिरपे. एक्ससी-९० ला १४० न्यूटन-मीटर. तुमचा आकडा मॅन्युअलमधून घ्या.

वायरमन७७
एवढा उपद्व्याप कशाला? सस्पेन्शनचा फ्यूज काढा, विषय संपला.

नटबोल्ट_सांगली
वीज गेली की व्हॉल्व्ह बंदच राहतात, त्यामुळे हवा कोंडलेली राहते हे बरोबर. पण पुढच्या स्टार्टला डॅशवर इशारा आणि मेमरीत फॉल्ट कोड येऊन बसतो. त्याच फ्यूजवर आणखी काय आहे तेही बघावं लागतं. मोड नसलेल्या गाडीला ठीक, मोड असताना नको.

हवाबंद
दोघांचंही बरोबर, पण मूळ प्रश्न निसटतोय. यांची डावी मागची बाजू आधीच गळते आहे. मोड लावा की फ्यूज काढा, त्याने कंट्रोल युनिट थांबतं; रबराचं भोक थांबत नाही. तो कोपरा तासभर जॅकवर राहिला तर सगळं बंद असूनही फुगा मोकळा होईल. म्हणून त्या कोपऱ्याचं चाक सगळ्यात आधी उरका.

उतरवताना तो फुगा मऊ लागला तर जॅक एकदम सोडू नका. चाक टेकल्यावर बॉडी नॉर्मलपेक्षा थोडी खाली येईपर्यंतच उतरवा, भार अजून जॅकवर असू द्या. मग इंजिन सुरू करून लेव्हलिंग चालू करा. सेन्सरला आता कोपरा खाली दिसतो, म्हणून कॉम्प्रेसर हवा भरतो आणि बॉडी जॅकवरून आपोआप उचलली जाते. चाक लोंबत असताना हे केलंत तर काहीच भरणार नाही, कारण सेन्सरच्या लेखी कोपरा वरच आहे. या वेळात गाडीजवळ कोणी नको.

आणि गळती शोधायला चाक लोंबवू नकाच. फुगा बहुतेक वेळा खालच्या घडीत तडकतो, जिथे धूळ-चिखल साचतो. चाक लोंबलं की ती घडी सरकते, तडा दुसऱ्याच जागी जातो आणि साबणाला बुडबुडे येत नाहीत. मागची चाकं रॅम्पवर चढवा, गाडी नेहमीच्या उंचीवर, फुगा भरलेला. भांड्यांचा लिक्विड साबण १ भाग, पाणी १० भाग, स्प्रेने मारा: खालची घडी, वरची क्रिम्प रिंग (रबर आवळून धरणारं कडं), पाइपचं फिटिंग. दोन-तीन मिनिटं थांबा, बारीक गळती फेसासारखी हळू फुगते. तिन्ही जागा कोरड्या निघाल्या तर व्हॉल्व्ह ब्लॉककडे (फुग्यांना हवा वाटून देणारा भाग) वळा.

रॅम्पवरही बॉडी हवेवरच उभी असते हे विसरू नका. फुगा फुटला तर ती बंपस्टॉपपर्यंत (बॉडीला शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) खाली येते. सिलखाली बोटभर अंतर ठेवून स्टँड लावल्याशिवाय डोकं आत घालू नका.

लालपरी_वर्कशॉप
बसच्या एअर बेलोलाही (तिथला हवेचा फुगा) हेच लागू, फक्त तिथे उंची ठरवते ती लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी. पंक्चरला जॅक ॲक्सलखाली लागतो, त्यामुळे ॲक्सल-चॅसिस अंतर फारसं वाढत नाही आणि हवा सुटत नाही. मात्र ॲक्सलखाली स्टँड आहे म्हणून चॅसिसखाली शिरणं चूक. बेलो गेला की चॅसिस खाली येते, ॲक्सल जागेवरच राहतो. टेकू चॅसिसलाच हवा.

स्टेपनी_पुणे
म्हणजे आधी रॅम्प, मग जॅक. एक शंका: सकाळी गाडी बसलेली असते तेव्हा जॅक सिलखाली जातच नाही.

हवाबंद
इंजिन सुरू करून उंची येऊ द्या आणि लगेच जॅक सरकवा. तरीही येत नसेल तर ते चाक आधी ४० मिमी जाडीच्या फळीवर चढवून घ्या. बॉडी बंपस्टॉपवर टेकलेली असली तरी चाकाबरोबर वर येते, आणि कमी उंचीचा जॅक आत जातो. फळी टायरपेक्षा रुंद आणि अखंड लाकडाची घ्या, दोन पातळ पट्ट्या एकावर एक रचू नका, घसरतात.