बॅड रिलिजनचा दुसरा अल्बम खरंच इतका वाईट आहे का?

तीन_कॉर्ड:
मी बॅड रिलिजन हा अमेरिकन पंक बँड त्यांच्या १९८८ च्या 'सफर' (Suffer) अल्बमपासून ऐकायला लागलो, मग मागे जाऊन १९८२ चा पहिला अल्बम ऐकला, तोही जाम आवडला, कच्चा आहे पण दम आहे. आता दुसरा, 'इंटू द अननोन', लावला तर पहिल्याच गाण्यात कीबोर्ड!! आधी वाटलं चुकीची फाइल लागली. मेलोडिक हार्डकोरवाला (वेगवान पण चालीचा पंक) बँड मध्येच प्रोग रॉक (लांबलचक, कीबोर्डवालं रॉक) का वाजवायला लागला? आणि पुढे ऐकण्यात काही अर्थ आहे का की सरळ स्किप मारू?

धुळकट_रेकॉर्ड:
फाइल बरोबर आहे रे 😄 १९८३ च्या शेवटी आला हा. गायक ग्रेग ग्रॅफिन तेव्हा जेमतेम १९ चा, गिटारिस्ट ब्रेट गुरेविट्झ २१ चा, त्यात ग्रॅफिनला टॉड रंडग्रेन या रॉक संगीतकाराचं भयंकर वेड (पुढे २००० साली त्याच रंडग्रेनकडून अख्खा अल्बम प्रोड्यूस करून घेतला, म्हणजे बघ). पण हे वळण बँडमध्येच सगळ्यांना पचलं नाही, बेसिस्ट जे बेंटली सोडून गेला, ड्रमर पीट फाइनस्टोनही नव्हता, दोघांच्या जागी दुसरेच लोक वाजवतायत. आणि लॉस एंजेलिसच्या पंक पोरांनी तर अल्बमला दारातही उभं केलं नाही. दहा हजार कॉप्या पाठवल्या आणि अकरा हजार परत आल्या असा जोक आहे त्यावर. नंतर बँड जवळपास मोडलाच. १९८५ ला पाच गाण्यांची ईपी (छोटा अल्बम) काढली तिचं नावच 'बॅक टू द नोन', म्हणजे जाहीर माफीनामाच तो.

बेसवाला:
स्किप मार. कीबोर्डचं मला काही नाही, पण ड्रम्स इतके मऊ आहेत की गाणं पुढे सरकतच नाही, आणि सात मिनिटांचं 'टाइम अँड डिसरिगार्ड' ऐकताना मी दोनदा घड्याळ बघतो. 'सफर'मध्ये १५ गाणी २६ मिनिटांत संपतात. इथे आठ गाण्यांना त्याहून जास्त वेळ!

धुळकट_रेकॉर्ड:
@बेसवाला ड्रम्सचं मान्य, पण स्किप नको रे. @तीन_कॉर्ड तू एक कर, कीबोर्ड सोडून दे आणि फक्त ग्रॅफिनचा आवाज धरून ऐक. पहिल्या अल्बममध्ये तो बऱ्याच ठिकाणी ओरडतोय, इथे पहिल्यांदा लांब ओळ सलग गातो, चाल वर नेऊन तिथे थांबतो, मग सावकाश खाली येतो. 'सफर'मध्ये तेच आहे फक्त दुप्पट स्पीडला आणि मागे ते आऽऽ वाले कोरस. लोक म्हणतात १९८८ ला मेलडी अचानक आली, अचानक वगैरे काही नाही, ती इथेच शिकून झाली होती, चुकीच्या कपड्यात होती एवढंच. आणि 'सफर'ला बेंटली, फाइनस्टोन दोघंही परत आले, म्हणजे तुला हवा तो दणका मिळाला.

रिवाइंड_बटण:
एक गंमत, गाण्यांची नावं बघा. पहिलं 'इट्स ओन्ली ओव्हर व्हेन' आणि पुढे टिंबं, शेवटचं टिंबांनी सुरू होऊन 'यू गिव्ह अप'. दोन्ही जोडली की एक वाक्य. विक्रीचा निकाल बघता जरा जास्तच लागू पडतं ते 😅
बाकी बँडने कितीतरी वर्षं हा पुन्हा छापलाच नाही, २०१० च्या तीस वर्षांच्या विनाइल बॉक्स सेटमध्ये कुठे परत दिसला. त्यामुळे जुन्या कॉपीसाठी कलेक्टर लोक वेडे होतात, ऐकायला नव्हे, कपाटात ठेवायला.

तीन_कॉर्ड:
धन्यवाद लोकहो. आवाज धरून पुन्हा ऐकला, 'मिलियन डेज' चक्क आवडलं!! सात मिनिटंवाल्याबद्दल मात्र बेसवालाशी सहमत, अर्ध्यात बंद केलं. आता ती १९८५ ची ईपी लावतो.